पिस्तुलाच्या कपाटाचा नंबर

ते पिवळे पाकीट आजही डोळ्यांसमोर आहे. नोकरीत मी शेकडो लोकांना समन्स बजावले. माझ्या घरात आलेले पहिले समन्स मात्र निवृत्तीनंतर, नेकारसुल्ममध्ये, एका मंगळवारी सकाळी पोस्टमनने पेटीत टाकले. जर्मनीत सरकारी नोटीस पिवळ्या पाकिटात येते आणि पोस्टमन त्यावर तारीख घालून जातो. मिळालीच नाही, असे म्हणायची सोय राहत नाही. पाकिटावर नाव माझ्या मुलीचे होते. प्रकरण, खरे सांगायचे तर, माझे होते.

बारावीनंतर मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली माझी मुलगी. दुसरा मी, मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला यंदा नाव घातले आहे. लिहिण्याचा सराव स्टेशन डायरीचा आहे, त्यामुळे काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे. नावे मुद्दामच कुणाची देत नाही.

मुलगी इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मी आणि सौ. तिच्याकडे राहायला आलो तेव्हा तिला नेमबाजीचा नाद लागलेला होता. द्राक्षमळ्यांच्या टेकडीमागे एक क्लब आहे, तिथे ती दर शुक्रवारी जाई. इथे स्वतःचे पिस्तूल घ्यायचे तर आधी वर्षभर क्लबात नियमित सराव, मग नियमांची परीक्षा, मग जिल्हा कार्यालयात, म्हणजे लांडराट्सआम्टमध्ये, अर्ज. अर्जासोबत पोलादी कपाट घेतल्याचा पुरावा. ते कपाट उघडायचा नंबर परवाना असणाऱ्यालाच माहीत हवा, दुसऱ्या कुणाला नाही.

अर्जाच्या आधी पिस्तूल कोणते घ्यायचे यावर आमच्या घरात दोन महिने वाद चालला. माझे मत पक्के होते. नऊ एमएम. कमरेला तेच लावून मी नोकरी केली. तिला हवे होते पॉइंट टू-टूचे, बारीक गोळीचे.

"ते खेळणं आहे," मी म्हणालो.

"पप्पा, मी खेळायलाच चाललेय."

क्लबात एक वयस्क गृहस्थ होते, कारखान्यातून निवृत्त झालेले टूलमेकर. डोळ्यांना आता नीट दिसत नाही म्हणून ते आपले जुने पॉइंट टू-टू विकणार होते. तिथल्या प्रशिक्षकाने मुलीला सांगितले होते की कॅटलॉग बघून पिस्तूल घेऊ नकोस, जे परवडेल ते आधी मारून बघ. त्या शुक्रवारी तिने तीन पिस्तुले मारून पाहिली. मी मागच्या बाकावर होतो.

पहिले नवे, स्वस्त, प्लास्टिकच्या सांगाड्याचे. दिसायला थेट आमच्या सर्व्हिस पिस्तुलासारखे, त्यामुळे मला फार आवडले. पण नेम धरायची त्याची मागची माशी जाम बसवलेली, डावी-उजवी करता येत नव्हती, आणि ट्रिगर इतका जड की दर वेळी तिचे मनगट हलायचे. पंचवीस मीटरवरच्या कागदावर भोके सगळीकडे पसरली. दुसरे स्पर्धेचे, नवे कोरे. ते तिने दहा गोळ्यांनंतर आदराने खाली ठेवले. तेवढ्या किमतीत आमच्या गावाकडे दुचाकी येते. तिसरे टूलमेकरांचे. लाकडी मूठ घामाने काळी पडलेली, नळीवरचा रंग उडालेला. तिने पाच गोळ्या मारल्या. कागद सरकत जवळ आला तेव्हा पाचही भोके माझ्या तळहाताखाली झाकली जात होती.

"हे जुनं लोखंड कशाला?" मी तरीही म्हणालो.

"पप्पा, तुम्हाला कमरेला लटकवायचंय. मला दहाच्या कड्यात मारायचंय."

टूलमेकरांनी काय चालले आहे ते विचारले, तिने सांगितले, आणि ते माझ्याकडे बघून हसले. "आल्झो," म्हणजे 'तर मग', ते सावकाश म्हणाले, आणि त्यांचे पुढचे बोलणे मुलीने मला मराठीत सांगितले, "माशी बदलता येते, ट्रिगर हलका-जड करता येतो, मूठ मी तिच्या हाताच्या मापाने घासून देईन. पिस्तुलात वाचलेले पैसे गोळ्यांत घालू दे. नेमबाज गोळ्यांनी तयार होतो."  अडतीस वर्षांत वार्षिक सरावाच्या मोजक्या गोळ्यांपलीकडे मी काही मारले नव्हते, हे त्यांना माहीत नव्हते. मला होते.

महिनाअखेरपर्यंत पिस्तूल तिच्यासाठी ठेवतो, असे ते म्हणाले. त्यानंतर दुसरे एक गिऱ्हाईक तयार होते. पोलादी कपाट घरी आले, मुलीने अर्ज भरला. आणि मग ते पिवळे पाकीट आले.

मजकूर थोडा होता. अर्जदाराच्या घरातील शस्त्राचे कपाट दुसऱ्या व्यक्तींना उघडता येते अशी माहिती मिळाली आहे. अर्ज थांबवला आहे. समक्ष येऊन खुलासा करावा. अर्जदार विश्वासार्ह नाही असे ठरले तर अर्ज फेटाळला जाईल. मुलीने ते दोनदा वाचले. "विश्वासार्ह नाही, असा शिक्का बसला ना, पप्पा, तर पिस्तूल जाऊ द्या, पुढची कितीतरी वर्षं माझ्या नावापुढे ते राहील."

खबर कुणी दिली? माझ्यातला तपास अधिकारी जागा झाला. खोटी तक्रार आहे याबद्दल मला तिळभर शंका नव्हती, कारण आमच्या घरात दुसरी व्यक्ती येतेच कोण? मी संशयितांची यादी केली. पहिले नाव खालच्या मजल्यावरच्या बाईंचे. निवृत्त शिक्षिका. या भागात जिना झाडायची आठवड्याची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. आमची पाळी झाली की या बाई तोच जिना पुन्हा झाडत. कुकरच्या शिट्टीवरूनही त्यांनी एकदा चिठ्ठी लावली होती. हेतू सापडला, असे मी सौ.ना सांगितले.

"हेतू कसला? त्यांना कचरा दिसतो, तुम्हाला दिसत नाही," सौ. म्हणाल्या.

शनिवारी मी बाईंना चहाला बोलावले. मुलगी दुभाषी म्हणून बसली, पण नाराजीने. चौकशीचा माझा जुना रिवाज असा, की चहा पुढे करायचा आणि गप्प राहायचे. ती शांतता सहन न होऊन समोरचा माणूस बोलू लागतो. मी गप्प राहिलो. बाईही गप्प राहिल्या. त्यांनी चहा संपवला, चकली संपवली, आणि शाळेतल्या मागच्या बाकाकडे बघावे तसे माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मीच बोललो. कार्यालयाला पत्र तुम्ही लिहिलेत का?

"या," त्या म्हणाल्या, म्हणजे हो. "खाली माझी सही आहे."

नोकरीत इतका सरळ कबुलीजबाब मला कधी मिळाला नव्हता. तुम्ही काय पाहिले, असे विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या पत्नीने मला बांगड्या दाखवल्या. सुंदर आहेत. त्यासाठी तिने माझ्या समोर शस्त्राचे कपाट उघडले. नंबर मी पाहिला नाही, मी तोंड फिरवले. पण तिला तो येतो."

"मग आधी आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या पत्नीला सांगितले. हे चालत नाही, असे दोनदा सांगितले. ती हसली आणि तिने मला चकली दिली."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. सौ. तिथेच उभ्या होत्या. "अहो, माझ्याकडे काय बघताय? नंबर मला तुम्हीच सांगितलात. बँकेच्या लॉकरपेक्षा भक्कम आहे, तुझ्या पाटल्या त्यातच ठेव, असं कोण म्हणालं?"

मी म्हणालो होतो. कपाट आले त्या दिवशी ते बसवून घेतले मी, नंबर लावला मी, आणि लावला तो मुलीच्या जन्मतारखेचा. ती म्हणाली होती, "पप्पा, नंतर मी बदलते हं." मी म्हणालो होतो, "बाप पोलीस अधिकारी, त्याच्यापासून काय लपवायचं?" तिने बदलला नाही. नोटिशीत "दुसऱ्या व्यक्ती" वाचताना आई-बाप त्यात येतात हे माझ्या मनालाही शिवले नाही. आमच्याकडे पोरीच्या कपाटाच्या किल्ल्या आईच्या कमरेला असतात आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. पण ठाण्याच्या शस्त्रागाराची किल्ली क्षणभर मित्राच्या हाती दिली म्हणून एका हवालदारावर मीच अहवाल पाठवला होता. त्याने विनवण्या केल्या होत्या. नियम म्हणजे नियम, असे मी त्याला सुनावले होते.

बाई उठल्या. जाताना मुलीला म्हणाल्या, "तू चांगली नेमबाज होशील. पण कपाट तुझे असायला हवे." मुलगी म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. माझ्या बाजूने कुणीच उरले नव्हते.

त्या दुपारी मी माझ्या हातात होते ते केले. खुलासा लिहून काढला. शेजारणीचा गैरसमज झाला, आईला जर्मन येत नाही, कपाट त्या दिवशी उघडेच राहिले होते, नंबर कुणालाही माहीत नाही. सुबक जबाब. असे जबाब कसे उभे राहतात हे मला चांगले ठाऊक आहे.

मुलीने वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. "हे खोटं आहे."

"तुझ्याच भल्यासाठी आहे."

"मला विश्वासार्ह ठरायचंय, पप्पा. त्यासाठी पहिली गोष्ट खोटं लिहून देऊ?"

रविवारी बुद्धवंदनेला इथली आपली मंडळी जमतात. तिथे एका जुन्या स्नेह्यांनी तिला बाजूला घेऊन समजावले, की आपण परक्या देशात आहोत, आपले नाव अशा कागदात कशाला, अर्ज मागे घे, बॅडमिंटन खेळ. सौ.ही म्हणाल्या, "सोड ना बाळा. पिस्तूल काय, जन्माला आल्यापासून हवं होतं का?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, कॉलेजला जाताना पण लोक म्हणायचे, आपल्याला हे कशाला. ऐकलं असतं तर आज मी इथे नसते. चूक झाली ती सांगेन. पण मागे काही घेणार नाही." काका माझ्याकडे पाहू लागले, मी तिला आवरावे म्हणून. मी म्हणालो, "तिचा अर्ज आहे. ती बघेल." माझे हे वाक्य मलाच नवे होते.

त्याच रात्री तिने पाटल्या आईच्या हातात दिल्या, कपाटाचा नंबर बदलला आणि तसे करताना खोलीचे दार आतून लावून घेतले.

कार्यालयात एक मध्यमवयीन बाई होत्या. मी टेबलाच्या या बाजूला पहिल्यांदाच बसत होतो. खुर्ची सारखीच असते, पण पाठ टेकवत नाही. मुलीने काहीही न लपवता सांगितले: नंबर वडिलांनी लावला, आईला माहीत होता, दागिने आत होते, पिस्तूल अजून घरात आलेले नाही, नंबर आता फक्त मला माहीत आहे. "माझी चूक ही की मी घरात नाही म्हणू शकले नाही. आता म्हटलंय. तुम्ही कधीही येऊन तपासा. अर्ज मी मागे घेणार नाही."

बाईंनी लिहून घेतले. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पोलिसात होता?"

"या."

"मग हा नियम का आहे, हे तुम्हाला माहीत होते."

त्यानंतर त्या गप्प राहिल्या. तीच शांतता, माझीच. मी तिच्यात किती लोकांना बसवले होते. "माहीत होते," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तिची नाही." मुलीने ते जर्मनमध्ये सांगितले, पण शेवटचे वाक्य गाळले, असे मला वाटले. विचारल्यावर म्हणाली, "गाळलं. ते खरं नव्हतं. अर्धी माझी होती."

महिनाअखेर आली आणि गेली. कार्यालयाकडून काही नाही. मुलगी टूलमेकरांना म्हणाली, तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या, मी नाराज होणार नाही. ते म्हणाले, मूठ तिच्या हाताच्या मापाने घासून झाली आहे, आता ती दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही.

मग एका गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली. जिल्हा कार्यालयातून दोघे आले होते, ओळखपत्र दाखवून. मुलगी कामावर होती. तोपर्यंत मला कामापुरती जर्मन येऊ लागली होती. त्यांनी कपाट बघायला मागितले. मी खोलीत नेले. भिंतीला घट्ट बसवले आहे ना, हे त्यांनी हलवून पाहिले. मग त्यातला तरुण सहज म्हणाला, "कृपया उघडता का?"

"मला नंबर माहीत नाही," मी म्हणालो.

"तुमच्या पत्नीला?"

सौ. दारात होत्या. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. हातात पाटल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी त्या हातातच ठेवल्या आहेत.

"जादा किल्ली कुठे असते?"

"माहीत नाही. विचारलेही नाही."

  त्या तरुणाने कागदावर काहीतरी लिहिले, आभार मानले आणि दोघे जिना उतरून गेले. खाली शिक्षिका बाई जिना झाडत होत्या. पाळी त्यांचीच होती.

पुढच्या आठवड्यात मुलीचे परवान्याचे कार्ड आले.

नोकरीत मी मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले, दोनदा प्रशस्तिपत्रही मिळाले. पण "मला माहीत नाही" हे वाक्य मी आयुष्यभर आरोपींच्या तोंडून ऐकले आणि एकदाही खरे मानले नाही. ते खरेही असू शकते, आणि ताठ मानेने म्हणता येते, हे मला पासष्टीला कळले. मुलीवर विश्वास आहे म्हणजे तिच्या कपाटाची किल्ली आपल्याकडे असणे, असे मी समजत होतो.

आजही ओळखीचे लोक विचारतात, पोरीला पिस्तूल कशाला? मी त्यांना काही पटवायला जात नाही. शुक्रवारी तिच्यासोबत क्लबात जातो आणि मागच्या बाकावर बसतो. ते जुने लोखंड तिच्या हातात असते. घरी आल्यावर ती खोलीचे दार लावून घेते. कपाटाची बटणे वाजतात ती ऐकू येतात. किती वाजली, ते मी मोजत नाही.