उणे पस्तिसाची खोली

मासळीच्या शीतगृहात बावीस वर्षं काढलेल्या बाईला थंडीची हौस कशी असेल? पण होती. ध्रुवाकडच्या एखाद्या गावी भर हिवाळ्यात जायचं आणि जिथे दोन महिने सूर्य उगवत नाही तिथला भर दुपारचा अंधार पाहायचा, एवढी एकच हौस. "बर्फ बघायला इतक्या लांब? रोज त्यातच तर असतेस," म्हणून नवरा हसायचा आणि बेत पुढल्या वर्षावर जायचा. कामावर तिला सगळे 'गारठाबाई' म्हणत.

आणि निघाली कोण? तर धाकटी जाऊ! पंख्याखालीसुद्धा शाल घेऊन बसणारी. मैत्रिणींनी एका दुपारी ठरवलं, हिने मान डोलावली, झालं. वर सल्ला मागायला गारठाबाईकडेच हजर.

"जाऊबाई, थंडीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? काय काय न्यायचं, सांगा ना."

गारठाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडावर मात्र साखर. "सांगून थंडी कळते होय? उद्या कामावर ये. रंगीत तालीमच होऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिने जावेला जाड कोट चढवला, हातमोजे मात्र खोकी उचलायचे, पातळ. नवख्या माणसाला साठवणीच्या खोलीत नेतात, उणे अठरात. हिने नेलं शेजारच्या, ताजी मासळी झटपट गोठवायच्या खोलीत. तिथे उणे पस्तीस, वर चार मोठे पंखे. माणूस आत शिरण्याआधी पंखे बंद करायचे, हा तिथला पहिला नियम. नव्या कामगारांकडून तो घोकून घेणारी हीच. आज तिचा हात बटणाकडे गेला नाही.

"तिकडे असंच असतं?" जाऊ वाऱ्यात ओरडली.

"याहून वाईट!"

चार मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा जावेच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. कोमट पाण्यात हात बुडवून ती रडायलाच लागली. "नाही बाई जात मी! माझा काय जीव वर आलाय? माझ्या जागी तुम्हीच जा. सहलीवाले नाव बदलून देतात म्हणे."

बावीस वर्षांची हौस आयती पानात वाढून आली होती. नुसतं 'बरं' म्हणायचं. पण चालू पंख्यांत माणूस नेण्याचा हा प्रकार दुसऱ्या कुणी केला असता तर हिने त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

"तिथे उणे बाराच्या आसपास असतं," ती कशीबशी म्हणाली. "असा वाराही रोज नसतो. पंखे मी मुद्दाम बंद केले नाहीत."

"का?"

"तू चाललीस म्हणून. दुसरं काय!"

"बोटं गेली असती माझी!"

"चार मिनिटांत जात नाहीत. मी घड्याळ बघत होते."

"वा! घड्याळ बघत होत्या म्हणे!" जावेने हात खसाखसा पुसले. "आता तर जाणारच मी. रोज दहा फोटो पाठवीन तुम्हाला. हातमोजे कसले घेऊ, बोला. आणि आता खरं बोला."

"एकावर एक दोन. आत पातळ लोकरीचे, वर जाड. सुती काही नेऊ नकोस, घाम धरून ठेवतं." एकेक वस्तू सांगताना ती आपल्याच बॅगेतून काढून दिल्यासारखं तिला वाटत होतं.

"सावकाश हो," लिहिता लिहिता जाऊ म्हणाली. "बोटं वळत नाहीयेत माझी."

गारठाबाईने तिच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि जावेची यादी स्वतःच लिहायला बसली.