सरजाच्या ताटातला रोट

जाऊबाईनं सरजाच्या ताटातून रोट उचलला. सरजानं त्याचा एक तुकडा मोडला होता. जाऊबाईनं तोही उचलला. परत टोपलीत टाकला नाही. बाजूला ठेवला, गाईला घालायला.

सुरतला, भेस्तानमध्ये, माझ्या दिराच्या घरी कानबाई देवी बसली होती. आम्ही खान्देशातले. श्रावणात कानबाईचा रोट करतो. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ धरायची, ते गहू दळायचे, त्याचे रोट भाजायचे. ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही.

नवरा वारल्यावर मी साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला लागले. तिथं सरजा भेटली. तीही एकटी होती. तेव्हापासून आम्ही एका खोलीत राहतो. एका अंथरुणावर निजतो. सगळ्या घराला माहीत आहे, बोलत कोणी नाही. दर श्रावणात सरजा दिराकडे येते, रोटाचे गहू निवडते, कणीक मळते, आणि जेवायच्या वेळी दारापाशी बसून भात खाते. विचारलं तर हसते. "माले भातच बरा शे," म्हणते.

यंदा पुतण्याची बायको नवी होती. महिन्यापूर्वी लग्न होऊन आलेली. तिला पंगतीत रोट वाढला. बरोबरच आहे, ती घरची झाली. मी उठले. सरजाला हाताला धरून आणलं, शेजारी बसवलं आणि माझा अर्धा रोट तिच्या ताटात ठेवला.

तो जाऊबाईनं उचलला. वर विचारलं, "बाई, ही तुमची कोण लागते?"

"ही नवी तुझ्या पोराची जी लागते, ती."

दीर ताटावरून उठला.

"वहिनी, तोंड सांभाळा. दादा होता तोवर बऱ्या होत्या तुम्ही. ही सुरतची हवा लागली. त्या घडीवाल्या बायकांची संगत."

सरजानं तिथंच डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तोंड झाकलं. इतक्या वर्षांत मी तिला तोंड झाकताना पाहिलं नव्हतं.

पुतण्या बँकेत आहे. शिकलेला, मनानं चांगला. त्यानं मला ओट्यावर नेलं.

"मोठी माय, काही माणसं जन्मापासूनच अशी असतात. त्यात त्यांचा दोष नसतो. तू एवढंच म्हण, की माझं जन्मापासूनचं आहे. बाबांना मी समजावतो. तुझा रोट तुला मिळत राहील."

"आणि सरजाला?"

"तिचं नंतर बघू."

बाप म्हणतो लागलेलं. पोरगा म्हणतो जन्माचं. दोघांनाही कारण पाहिजे, म्हणजे माफ करता येतं.

जन्माचं म्हणावं, तर नवऱ्याबरोबरचा संसार खोटा ठरतो. तो खोटा नव्हता. नवरा लूमच्या कारखान्यातून यायचा तेव्हा मी दारात उभी असायची, मला आवडायचा तो. सुरतनं लावलं म्हणावं, तर सरजा रोग ठरते. सरजा रोग नाही. माझं मन त्याच्यावर होतं, मग हिच्यावर बसलं. कसं, ते मला माहीत नाही. मी चौथी शिकले, तिथं हे शिकवलं नाही. पुतण्या पंधरावी शिकला, त्यालाही ठाऊक नाही. मग माझ्याकडूनच का वदवून घेतो?

मी म्हणाले, "तुझं मन बायकोवर बसलं, ते जन्मापासून की संगतीनं? आधी तू बापासमोर सांग. मग मी सांगते."

आतून त्याची बायको फिसकन हसली. जाऊबाई तिच्यावर खेकसली.

मी सरजाच्या चपला शोधल्या, तिच्या पायापुढं ठेवल्या. ती रडत होती. माफी माग, कानबाई कोपेल, म्हणत होती. मी माफी मागितली नाही. आम्ही न जेवता निघालो.

पुढच्या श्रावणात कानबाई माझ्या खोलीत बसेल. नारळ मी आणीन, पाट मी मांडीन. माझ्या घरात पुरुष नाही. एक मूठ सरजाच्या नावानं धरीन, एक माझ्या. दीर आला तर त्यालाही वाढीन, भाऊबंद आहे. पण कारण विचारायला आला, तर उंबऱ्यावरून परत जाईल.

पहिला तुकडा सरजा मोडेल. तो उचलायला कोणाचा हात आला, तर तो हात मी धरीन.