नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे गोळी

मैत्रिणींनो, दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

अष्टमी गावात आमचं मेडिकल आहे. गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट नेहमी गुपचूप पिशवीत टाकून नेणारी एक बाई आज रडवेली होऊन आली. "ताई, गोळ्या चालू हायत, तरी दिवस गेले."

"रोज घेत होतीस ना?"

"रोज कशाला? हे कंपनीत नाईटला असले की नाय घेत. नवरा रात्री घरातच नाय, मग उगाच अंगात उष्णता कशाला?"

मी कपाळाला हात लावला. "अगं, गोळी रोजच घ्यायची असते! हे कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय त्यात? आमच्या चाळीत सगळ्या अशाच घेतात."

तिला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. दुकान बंद करून मी त्या चाळीत निघालेय.

तुमच्या आळीत या आठवड्यात कुणाकुणाचे नवरे नाईटला आहेत?