तेवीस नंबर

"मामा गेले…" मामीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सारं संपलं. आज सहा आठवडे झाले. त्यांच्या कंपनीतून अजून कोणी आलेलं नाही. येईल असं मामीलाही वाटलं नव्हतं.

मी उतई गावची, घरात कॉलेजात जाणारी पहिलीच. म्हणून शहरात, हुडको वसाहतीत देवरावमामांकडे राहते. मामा एका खासगी कारखान्यात वेल्डर होते. तिथे जुनी रीत होती: सांधा पुरा झाला की वेल्डरने पोलादी पंचाने, म्हणजे आकड्याच्या ठशाने, शेजारी आपला नंबर ठोकायचा. मामांचा नंबर तेवीस. त्या काळी कंपनीचं नाव असं होतं की लोक तिचा निळा शर्ट घालून लग्नाला जात. "माह्या बापानं पोरगा नाही, शर्ट पाहून हो म्हटलं," मामी चिडवायची.

मग मालक बदलले. तक्रार करणाऱ्या कामगारांना गेटवरूनच परत पाठवू लागले. कंपनीचं नाव खराब झालं. हुडकोत लोक विचारू लागले, "अजून तिथंच हाय काय देवराव? दुसरं नाही भेटलं?" कारखान्यात हात ढिले पडले, एकेकाने नंबर ठोकणं सोडलं. मामा म्हणायचे, "सारे घड्याळच पाहून राहिले. नंबर मारून कोणाले दाखवाचा?" पण त्यांचा पंच रोज खिशात असे.

गेल्या वर्षी माझ्या कॉलेजच्या पालकसभेला ते ड्यूटीवरून थेट आले. फाटकाशी मी म्हटलं, "मामा, शर्ट बदलून आले असते तर…"

"कावून? वास येते काय?"

माझी नजर त्यांच्या खिशावर गेली. त्यांनीही तिथल्या कंपनीच्या नावाकडे पाहिलं. "अच्छा… हे." कडुनिंबामागे जाऊन त्यांनी शर्ट उलटा करून घातला, आणि सभा संपेपर्यंत तसेच, शिवणी बाहेर, मागच्या बाकावर बसून राहिले.

कंपनीच्या प्रतिष्ठेचा कामगारांच्या कामावर काय परिणाम होतो, यावर मी त्याच वर्षी परीक्षेत चार पानं लिहिली. मार्क चांगले मिळाले.

परवा कपाट आवरताना मामीने पंच माझ्या हातात दिला. "तुह्या त्या मीटिंगपासून घरीच ठेवला होता. कावून, काही बोलले नाही." मी तो घेऊन माझ्या खोलीत गेले.

तिथे मामांनी केलेले पुस्तकांचे दोन लोखंडी रॅक आहेत. पहिल्याच्या प्रत्येक सांध्याशी तेवीस आहे. दुसरा त्या सभेनंतरचा. त्याचे सगळे सांधे मी बोटाने चाचपले… नंबर कुठेच नाही. एक सांधा कच्चा राहिला आहे. एक वही ठेवली तरी रॅक डुलतो.