कॅरेजमधली जागा

"आधी सांग, आत माल हाय का माणूस?"

फळ्यावर खडूने चाक काढून आमचे इंग्रजीचे सर पोरांना हेच विचारत. वरकुट्याच्या शाळेत शेजारच्या वर्गावर मी गणित शिकवायचो, त्यामुळे भिंतीपलीकडून त्यांचा हा धडा मलाही पाठ झाला. माल वाहते ती दोन चाकांची कार्ट. जड माल ओढते ती चार चाकांची वॅगन. लांबच्या उतारूंचा बंदिस्त तो कोच. आणि माणसांनी ऐटीत बसायची, स्प्रिंगवाली, ती कॅरेज. पोरं वैतागायची.

"सर, घोडं तर तेच की."

"घोडं तेच. बसणाऱ्याचा मान येगळा."

तुम्ही म्हणाल, उसाच्या ट्रॅक्टरांच्या गावात हे घोड्यांचं खूळ कशाला? आम्हालाही तेच वाटायचं. उलगडा झाला तो त्यांच्या घरी चहा पिताना. सरांचं लग्न पळसदेवला लागलं आणि ठरवलेला टांगा आलाच नाही. मग कांदे वाहणाऱ्या घोडागाडीतून नवरी वरकुट्याला आली.

"शालूला कांद्याचा वास," वहिनी आतून म्हणाल्या. "कार्टमदनं आणली मला ह्यांनी."

येईल त्या पाहुण्याला त्या हे सांगायच्या. सर हसण्यावारी न्यायचे, पण कान लाल व्हायचे. फार मनाला लावून घेतलं होतं त्यांनी.

निवृत्तीच्या दिवशी गावाने मिरवणूक ठरवली, तेव्हा सरांनी बारामतीहून लग्नाची बग्गी मागवायला लावली. आल्यावर आधी स्प्रिंगा दाबून पाहिल्या. मग वहिनींना हात देऊन वर बसवलं आणि स्वतः फेटा सावरत बाजूने चालू लागले. बँडपेक्षा यांचीच छाती फुगलेली.

देवळापाशी वहिनींनी बग्गी थांबवायला लावली.

"अवं, वर या."

"आज तुझा मान हाय. कॅरेज हाय ही."

"आसंल. पण कांद्याच्या गाडीत तुमी शेजारी बसला हुता." त्या कडेला सरकल्या. "म्हणून तर वास सोसला."

सरांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते वर चढले.

आता सर नाहीत. बाजाराला वहिनी कधी कधी माझ्या गाडीतून इंदापूरला येतात. मागची सगळी सीट रिकामी असते, तरी त्या दाराला टेकून, अंग चोरून बसतात.

"नीट बसा की, वहिनी."

"बसलेय की," त्या म्हणतात. शेजारी साधी पिशवीही ठेवत नाहीत. ती त्यांच्या मांडीवर असते.