काकूंच्या पायावरचा लॅपटॉप

साताऱ्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी शिकले सांगलीत. लग्न होऊन इकडे आले आणि नुसतं घरी बसवेना म्हणून हे सुरू केलं. सुरुवातीला लोक दारातूनच "साहेब कुठायत?" असं विचारायचे. एका सकाळी एक निवृत्त सुभेदार आले, त्यांनी मात्र तसं काही विचारलं नाही. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप टेबलावर ठेवून ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "ह्यो मधीच थिजतोय."

आम्ही सगळे 'हँग होतो' म्हणतो. थंडीत तूप थिजावं तसं यंत्र थिजतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हळूहळू बाकीचं कळलं. गाव पाटणकडचं, नोकरी संपल्यावर घर साताऱ्यात बांधलेलं. पावसाळ्याच्या आधी बायकोला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकुलती मुलगी सांगलीला विश्रामबागेत राहते, कॉलेजात शिकवते. तिला सारखं येणं जमत नाही म्हणून तिनं आपला जुना लॅपटॉप इथे आणून ठेवला होता. रोज संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करायची. ती बोलायची आणि आई नुसती बघायची. पण हल्ली मध्येच चित्र जागच्या जागी थांबायचं, माउसचा बाणसुद्धा हलायचा नाही. बटण दाबून धरून लॅपटॉप बंदच करावा लागायचा.

"मग ही घाबरती," काका म्हणाले. "पोरीला काय झालं म्हणून माझ्याकडं बघत राहती."

मी लॅपटॉप ठेवून घेतला. मेमरी तपासली, आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम काढले, राहिलेले अपडेट टाकले आणि दुपारभर त्यावर व्हिडिओ चालू ठेवला. एकदाही थिजला नाही. काका खूश होऊन घेऊन गेले आणि त्याच आठवड्यात परत आले. रागावलेले नव्हते, उलट आपलंच काही चुकतंय की काय अशा संकोचात होते. नेटचा दोष म्हणावा तर नेट गेल्यावर चित्र थांबेल, बाण कशाला थांबेल?

"हितं नीट वागतो गडी," ते म्हणाले. "तूच घरी येऊन बघ, बाळ."

संध्याकाळी दुकान बंद करून गेले. काकू पलंगावर उशांना टेकून बसलेल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळावर टिकली. ते कोण करत असेल हे विचारायची गरज नव्हती. मुलीच्या कॉलची वेळ झाली तशी काकांनी एक जुनी मऊ गोधडी काकूंच्या पायांवर ठेवली आणि तिच्यावर लॅपटॉप. पडद्यावर मुलगी आली, कॉलेजातलं काहीबाही सांगू लागली. थोड्या वेळात आतला पंखा घरघरायला लागला आणि मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहून चित्र थांबलं. काकू डाव्या हाताच्या बोटानं तिच्या गालावर टकटक करू लागल्या.

मी लॅपटॉपखाली हात घातला. चटका बसला. गरम हवा बाहेर पडायच्या सगळ्या फटी गोधडीत रुतल्या होत्या. दुकानातल्या टेबलावर त्याला श्वास घेता येत होता, इथे येत नव्हता.

गोधडी कशासाठी, म्हणून विचारलं. काका म्हणाले, तिच्या उजव्या पायाला काही कळत नाही. खाली कडक फळी ठेवली आणि ती टोचत राहिली, जखम झाली, तरी ती सांगणार कशी? म्हणून हे मऊ.

मी लॅपटॉप उचलून बाजूला ठेवत होते, तेवढ्यात काकूंच्या घशातून आवाज आला. पहिल्यांदा नुसती घरघर. मग शब्द आला.

"भाजतंय."

काका वाकले. "कुठं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

काकूंचा डावा हात सावकाश सरकत गेला आणि उजव्या मांडीवर थांबला.

काकांनी गोधडी काढली, ओला पंचा आणून मांडीवर ठेवला. तोवर त्यांचा मोबाइल वाजायला लागला. चित्र थांबलं म्हणून मुलगीच करत होती. काकांनी फोन उचलला आणि तसाच माझ्या हातात दिला. आई बोलली, तिच्या पायाला कळलं, असं मीच तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की मी उद्याची पहिली एसटी धरते.

डॉक्टरांनी फार मोठी आशा दाखवली नाही. संवेदना परत येतेय ही चांगली खूण आहे, व्यायाम सोडू नका, आणि त्या पायावर काही गरम ठेवू नका, असं म्हणाले. मी पंख्यातली धूळ काढून दिली. काकांनी सुताराकडून पलंगावर ठेवायचं, पाय असलेलं बुटकं टेबल करून घेतलं. त्यानंतर लॅपटॉप थिजला नाही. काकूंचे शब्दही सावकाश येत राहिले. काही दिवशी दोन-तीन, काही दिवशी एकही नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका पुन्हा तो लॅपटॉप घेऊन दुकानात आले. या वेळी कीबोर्डवर चहा सांडला होता आणि आतलं बरंच जळलं होतं. हा आता चालायचा नाही, मी स्पष्ट सांगितलं. कुणी सांडला, असं सहज विचारलं, तर म्हणाले, "तिनंच. उजव्या हातानं कप उचलाया गेली." आणि मी दुसरा कुठला घ्यावा ते सांगायच्या आधी त्यांनी मला, कप कुठपर्यंत उचलला होता, ते हातानं दाखवलं.