डाव्या पंजाचा आशीर्वाद

जुन्या बाजारात मिळालेलं, लाकडी ठशावरून छापलेलं एक चित्र आमच्या दिवाणखान्यात आहे. गळ्यात माळ घातलेला बोका पाटावर बसून उंदरांना आशीर्वाद देतोय, तोही डाव्या पंजाने.

"कोरणारा चुकला असेल," फ्रेमवाला म्हणाला होता. "ठशावर उलटं कोरलं की कागदावर सुलट उमटतं. विसरला बिचारा."

मला नाही पटत. खालची अक्षरं तर सरळ उमटली आहेत. अक्षरं उलटी कोरायचं लक्षात राहिलं आणि नेमका पंजाच कसा विसरला? एखाद्या ढोंगी बुवाचा बोका केला तरी ओळखणारे ओळखतातच. उद्या कुणी बुवा जाब विचारायला आलेच, तर 'चूक झाली महाराज' म्हणायची सोय त्याने आधीच करून ठेवली असणार.

काल आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आले होते. सभेत यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"हे कुणावर आहे हो?"

"छे, कुणावर नाही. जुनं आहे," मी घाईघाईने म्हणालो.

ते नुसतेच हसले. जाताना माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. डावा.